मिटलेल्या भांडणाच्या तारखा

आरोपी क्रमांक दोन म्हणजे मी. क्रमांक एक माझा नवरा. क्रमांक तीन माझी सासू, जिला त्या वेळी खाटेवरून उठायलाही कोणाचा तरी हात लागायचा. केस चालू असतानाच ती गेली. वकील साहेब म्हणाले, आता त्यांच्यापुरती केस संपली, मृत्यूचा दाखला तेवढा आणून द्या. मी ग्रामपंचायतीतून दाखला आणला, झेरॉक्स काढली आणि दिली. आमच्या घरातून त्या केसमधून सगळ्यांत आधी सुटली ती सासू.

भांडण बांधाचं होतं. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावात दुसरं कशाचं असतं? आमच्या शेताला लागून ह्यांच्या थोरल्या चुलत भावाचं शेत. नात्यानं ते माझे भासरे, आणि भासऱ्यांशी सुनेनं समोरासमोर बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत, त्यामुळे लग्न झाल्यापासून त्यांच्याशी माझं बोलणं झालं असेल ते पदराआडून आणि तेही चहा पाहिजे का इतपत. दोन शेतांच्या मध्ये एक सामाईक विहीर. बांध दरवर्षी थोडा थोडा कोरला जायचा, कधी इकडून, कधी तिकडून, आणि दोन्ही घरं म्हणायची की आम्ही तर हातही लावला नाही. त्या वर्षी सोयाबीनची काढणी चालू होती. ह्यांच्या हातात विळा होता, कारण हे कापणी करत होते. शब्दाला शब्द लागला, भासऱ्यांनी ह्यांना छातीवर ढकललं, ह्यांचा हात फिरला. भासऱ्यांनी डावा हात आडवा घातला आणि दोन बोटांवर वार बसला. त्यातलं एक हिंगोलीच्या दवाखान्यात काढून टाकावं लागलं.

मी तिथं नव्हते. मी अंगणवाडीत मदतनीस आहे, तेव्हा मी पोरांना खिचडी वाढत होते आणि ओळीत तिसरा भासऱ्यांचाच नातू बसला होता. पण आमच्याकडे फिर्याद द्यायला माणूस गेला की तो एकट्याचं नाव सांगत नाही, अख्खं घर लिहून देतो. भासरे दवाखान्यात असल्यामुळे फिर्याद द्यायला त्यांचा मेहुणा गेला होता. त्यानं लिहून दिलं की मी काठी घेऊन धावून आले आणि सासूनं दगड मारला. ज्या बाईला पाण्याचा तांब्या उचलवत नव्हता तिनं दगड मारला. मी ते वाचलं तेव्हा खरं तर हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. राग आला असता तरी चाललं असतं. तोही आला नाही.

हे काही दिवस जेलात राहून आले. मला अटकपूर्व जामीन मिळाला. गावात मान खाली घालून जायचं असतं म्हणून मी तशी जायचे, पण आत काही वाटत नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि गाल आपला राहत नाही, तसं माझं चाललं होतं. अंगणवाडीतल्या बाई पहिल्या दिवशी एवढंच म्हणाल्या की तांदूळ निवडून घे. मी निवडून घेतले.

कायदा मला कळायला लागला तो वकील साहेबांच्या टेबलापाशी. सेनगावला कोर्टाच्या आवारात लिंबाखाली त्यांचं टेबल असे. कलम तीनशे सव्वीस. धारदार हत्यारानं गंभीर दुखापत. बोट गेलं की दुखापत गंभीर, हे त्यात लिहूनच ठेवलेलं आहे. नवे कायदे नंतर आले, पण आमचं भांडण जुन्या कायद्यातलं, म्हणून आम्हाला जुनंच कलम. मी बारावी झालेली, त्यामुळे दोषारोपपत्र मीच वाचायचे आणि ह्यांना समजावून सांगायचे. हे म्हणायचे, एवढं सगळं वाचून तू वकील होऊन राहिली काय. मी म्हणायचे, फुकटात होतंय तर होऊ द्या.

मग विहिरीतली मोटार जळाली.

बोलणं बंद असल्यापासून दोन्ही घरं पाण्याच्या पाळ्या न बोलता पाळत होती. एकाची वेळ संपली की तो नुसता बटण बंद करून निघून जायचा. पण जळालेली मोटार विहिरीतून काढणं एका घराचं काम नाही. हळद उभी होती आणि पाणी पाहिजे होतं. हे एका बाजूनं दोर धरून उभे राहिले, भासरे दुसऱ्या बाजूनं, चार बोटांच्या हातानं. मोटार वर येईपर्यंत दोघं फक्त 'ओढ' आणि 'थांब' एवढंच बोलले. मी भाकरी घेऊन गेले होते. मोटार काठावर आली, दोघं घामेजून खाली बसले आणि हे म्हणाले, दादा, पाणी प्या. भासऱ्यांनी पाणी पिलं.

तेवढं गावाला पुरेसं होतं. चार जाणत्यांनी दोघांना महादेवाच्या देवळात नेलं. दोघांनी पिंडीवरचा बेल आणि भंडारा उचलला आणि म्हणाले, इथून पुढं वैर न्हाई, मिटलं. बेलभंडार उचलला की आमच्याकडे त्यापुढं बोलणं नसतं. कोणाच्या चुकीचा हिशेब निघत नाही, कोणी कोणाच्या पाया पडत नाही. मिटलं म्हणजे मिटलं. खोबरं वाटलं गेलं. भासऱ्यांच्या घरच्या जाऊबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि आम्ही दोघी एकमेकींकडं न बघता उभ्या राहिलो.

आणि आम्ही कोर्टात जायचं बंद केलं.

हे लिहिताना वेडेपणा वाटतो. तेव्हा त्यात वेडेपणा कोणालाच दिसला नाही. ज्याचं बोट गेलं त्याचं आणि आमचं देवासमोर मिटलं होतं, मग आता सेनगावला जाऊन कोणाशी भांडायचं? भासरेही म्हणाले, आता काहून जाता, मी जाऊन राहिलो का? मीसुद्धा, जी कलमं वाचत होते, तीही गप्प बसले. तारखा येत राहिल्या आणि आम्ही हळद काढत राहिलो.

एक दिवस पोलीस वॉरंट घेऊन आले आणि ह्यांना चुलीजवळून उठवून घेऊन गेले. भासरे चौकीपर्यंत मागं मागं गेले आणि सांगत राहिले की आमचं मिटलंय, मीच तो मार खाल्लेला माणूस, मी सांगतो सोडा. हवालदारानं त्यांना चहा पाजला आणि घरी पाठवलं.

वॉरंट रद्द करून घेताना वकील साहेब माझ्यावर चिडले. ह्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही हे त्यांना कळलं असावं. ते म्हणाले की ही केस तुमची आणि त्यांची नाहीच. वर काय लिहिलंय बघा, महाराष्ट्र शासन विरुद्ध तुम्ही. तुमचे भासरे यात फक्त साक्षीदार आहेत. शिवीगाळ, साधी मारामारी असती तर दोघांच्या राजीखुशीनं मिटवता आली असती; हे कलम मिटत नाही, कोणी मिटवू शकत नाही.

मी विचारलं, "सरकारचं काय तुटलं साहेब?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या पक्षकाराला बोलावलं.

त्या दिवसापासून एवढं स्पष्ट झालं की ह्यांचं जेलात जाणं न जाणं भासऱ्यांच्या तोंडून निघणाऱ्या दोन वाक्यांवर आहे. बाकीचे साक्षीदार गावचे, आणि गाव देवळात हजर होतं. पंचनाम्यावरच्या पंचांनी कोर्टात सांगितलं की सही आमचीच, पण कागदावर काय होतं ते माहीत नाही. मेहुण्यानं सांगितलं की मी ऐकीव लिहून दिलं होतं, डोळ्यांनी काही बघितलं नाही. सरकारी वकील प्रत्येकाला फितूर म्हणून जाहीर करत गेले. फितूर म्हटल्यावर माणूस चिडेल असं मला वाटायचं, पण आमचे लोक तो शब्द ऐकून निवांत खाली उतरत होते, बसचं तिकीट मिळाल्यासारखे.

भासऱ्यांच्या साक्षीच्या दिवशी आम्ही सगळे एकाच काळ्या-पिवळी जीपमधून सेनगावला गेलो. फिर्यादी पक्ष आणि आरोपी मांडीला मांडी लावून. जाऊबाईंनी दिलेल्या धपाट्यांचा डबा माझ्या मांडीवर होता. आम्हाला एकत्र उतरताना बघून वकील साहेबांनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी भासऱ्यांना जरा बाजूला घेतलं. स्पष्ट ते काही बोलले नाहीत. पानपट्टीकडं बघत एवढंच म्हणाले की झटापटीत कोणाचा विळा कोणाला कसा लागला हे माणसाला दिसतंच असं नाही, आणि इतक्या वर्षांनी आठवतंच असंही नाही. भासरे म्हणाले, व्हय. मला वाटलं, समजलं त्यांना.

पिंजऱ्यात चढायच्या आधी त्यांनी चपला काढल्या. शिपाई म्हणाला, राहू द्या, इथं काढत नसतात. त्यांनी ऐकलं नाही. ईश्वराची शपथ घेऊन खरं सांगेन असं त्यांच्याकडून म्हणवून घेतलं गेलं. इतर साक्षीदारांनी ते भराभर म्हटलं होतं. भासऱ्यांनी एकेक शब्द पोथी वाचल्यासारखा म्हटला. 

सरकारी वकिलांनी विचारलं, हाताला काय झालं?

"ह्याच्या हातातला विळा लागला साहेब," भासरे म्हणाले आणि ह्यांच्याकडे बोट केलं. न्यायाधीश मॅडमनाही ते साहेबच म्हणायचे. "मी ढकललं, मग त्यानं मारलं. त्याची बायको तिथं नव्हती, म्हातारीबी नव्हती. ते खोटं लिहिलं. पण मारलं त्यानंच. मी त्याला माफ केलंय."

सरकारी वकिलांना इतका वेळ उभं राहून राहून कंटाळा आला होता. ते एकदम ताठ झाले. मॅडम टायपिस्टला सांगत होत्या आणि भासऱ्यांचं बोलणं कोर्टाच्या मराठीत उतरत होतं. आरोपी क्रमांक एक याने विळ्याने वार केला. आमच्या वकिलांनी उलटतपासणीत वाचवायचा प्रयत्न केला. झटापटीत चुकून लागला असेल ना? न्हाई, मारला. दिसलं कसं? समोरच व्हता. शेवटी त्यांनी एवढंच नोंदवून घेतलं की आता आमच्यात वैर नाही आणि मी आरोपीला माफ केलं आहे. वकील साहेब खाली बसताना पुटपुटले की हे शिक्षेच्या वेळी तरी उपयोगी पडेल.

भासरे चपला घालून बाहेर आले. लिंबाखाली बसून त्यांनी धपाटे खाल्ले आणि ह्यांना म्हणाले, सगळं बराबर सांगितलं, आता सोडतील. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मार कोणी दिला हे सांगितल्याशिवाय माफी कोणाला दिली हे कसं सांगणार, असा त्यांचा साधा हिशेब होता. ह्यांनी मान हलवली. येताना आम्ही पुन्हा एकाच गाडीतून आलो. मला सोडवणारं वाक्य आणि ह्यांना अडकवणारं वाक्य एकाच माणसानं एका श्वासात उच्चारलं होतं. त्याबद्दल आनंद करायचा की बोंब मारायची हे कोणीतरी मला सांगायला हवं होतं. मी घरी येऊन भांडी घासली.

त्यानंतर आरोपींचा जबाब असतो. पुराव्यात जे जे आलं ते न्यायाधीश आरोपीला एकेक करून विचारतात आणि त्याचं म्हणणं घेतात. इथं शपथ नसते. वकील साहेबांनी ह्यांना बजावलं की प्रत्येक प्रश्नाला 'खोटं आहे' म्हणायचं, त्यापुढं एक अक्षर नाही. तुम्ही बोलायला लागलात की स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्याल. हे शाळेत कधी पाठांतराला बसले नव्हते. रोज सकाळी म्हशीचं दूध काढताना मी प्रश्न विचारायचे आणि हे म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून उत्तर द्यायचे. थोड्याच दिवसांत त्यांना प्रश्न ऐकायची गरजच राहिली नाही.

त्या दिवशी भासऱ्यांना यायचं काही कारण नव्हतं. तरी ते आले. म्हणाले, एकटे काहून जाता. ते मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसले.

मॅडम वाचत गेल्या. साक्षीदार म्हणतो की बांधाच्या कारणावरून भांडण झालं. खोटं आहे. साक्षीदार म्हणतो की तुमच्या हातात विळा होता. खोटं आहे. साक्षीदार म्हणतो की तुम्ही त्याच्या डाव्या हातावर वार केला. खोटं आहे. डॉक्टर म्हणतात की जखम धारदार हत्यारानं झाली. खोटं आहे. ह्यांचा आवाज स्पष्ट होता, हात मागं बांधलेले, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं. वकील साहेब समाधानानं मान हलवत होते. मग मॅडमनी चष्मा वर केला आणि शेवटचं विचारलं. उलटतपासणीत साक्षीदार म्हणतो की तुमच्यात आता वैर नाही आणि त्यानं तुम्हाला माफ केलं आहे. याबद्दल काय म्हणायचंय?

"खोटं आहे," हे म्हणाले.

वकील साहेब अर्धे उठले आणि पुन्हा बसले. मॅडम टायपिस्टकडं वळल्या. कळफलक बडवल्याचा आवाज झाला. मी मागं वळून बघितलं नाही. बघायला हवं होतं, असं आता वाटतं; तेव्हा मान वळेना. ह्यांना आपण काय बोललो याचा पत्ताच नव्हता. बाहेर आल्यावर म्हणाले, एकबी चुकलं न्हाई ना?

भासरे आमच्याआधी बाहेर पडले होते. त्यांना नातवाला कपडे घ्यायचे होते, असं त्यांनी कोणाकडून तरी सांगून पाठवलं. ते बसनं गेले.

निकालाच्या दिवशी ते कोर्टात आले, पण वेगळे आले. मॅडमनी आधी माझं नाव घेतलं. मी घटनास्थळी नव्हतेच, हे स्वतः जखमीनं सांगितलं असल्यामुळे मी निर्दोष. मी हात जोडले, कारण जोडायचे असतात. मग ह्यांना सांगितलं की तुमच्यावरचा गुन्हा शाबीत झाला आहे, शिक्षेबाबत काही म्हणायचं आहे का. हे वकिलांकडं बघायला लागले. वकील साहेब कळवळून बोलले. पहिलाच गुन्हा आहे, दोघं एकाच आज्याचे नातू आहेत, एका विहिरीचं पाणी पितात, देवासमोर समेट झाला आहे, साक्षीदारानं माफ केल्याचं पुराव्यात आहे. मॅडमनी कागद उलटले आणि म्हणाल्या, तुमच्या आरोपीनंच ते नाकारलं आहे. वकील साहेब म्हणाले, जखमी इसम हजर आहेत, न्यायालयानं त्यांनाच विचारावं.

भासरे उठून पुढं आले. या वेळी त्यांनी चपला काढल्या नाहीत.

मॅडमनी विचारलं, तुम्ही यांना माफ केलंय का?

 ते कोणाकडंही बघत नव्हते. मग म्हणाले, "मी दिली व्हती साहेब. त्यानं घेतली न्हाई."

एक वर्ष सक्तमजुरी झाली. अपील करेपर्यंत शिक्षा थांबवून त्याच दिवशी जामीन मिळाला, म्हणून हे तेवढ्यापुरते घरी आले. वकील साहेब म्हणाले, हिंगोलीला अपिलात बघू, वर्ष म्हणजे काही फार नाही. जामिनाच्या कागदांवर सह्या करताना शाई लागलेली बोटं पुसत मी ऐकून घेतलं. मी सुटले होते आणि माझ्या सुटण्याबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही, मीही नाही.

काळ्या-पिवळीत आमच्याशेजारी दोन अनोळखी बायका बसल्या होत्या. गाडी गावाच्या फाट्याजवळ आल्यावर ह्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मी दादाला खोटं म्हणलो काय?"

"म्हणलात," मी म्हणाले.

 हे हळूच म्हणाले, "पण ते तर कोर्टात म्हणलो व्हतो."

 देवळात ते दोघं फक्त मिटलं म्हणाले होते. माफ केलं असं भासरे आयुष्यात एकदाच म्हणाले, आणि तेही कोर्टातच.